एकटी निघालेली मुलगी

मुलगी परगावी शिकायला निघाली, म्हणजे घरात काय काय बोलले जाते ते आपणां सर्वांना ठाऊक आहे. आजी म्हणते, "एवढ्या लांब कशाला?" बाप म्हणतो, "खर्च कुठून आणायचा?" शेजारीण म्हणते, "तिकडं काही बरंवाईट झालं तर?" आई काही बोलत नाही. ती चिवड्याचा डबा भरते. गोंदियाच्या फलाटावर अशा मुली आज नेहमी दिसतात. कोणी नागपूरला नर्सिंग शिकायला निघालेली, कोणी पुण्याला नोकरीवर. गाडी हलली की बाप खिडकीबरोबर चार पावले चालतो आणि म्हणतो, "पोहोचलीस की फोन कर."

आता असा काळ डोळ्यांपुढे आणा, की फोन नाही. विमान नाही. मुलीला जायचे आहे ते गाव समुद्रापलीकडे, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला. पोहोचल्याचे पत्र घरी यायला महिना उलटून जायचा. त्यातून समुद्र ओलांडला की जात गेली, असे लोक मानायचे. अशा काळात आपल्या महाराष्ट्रातली अठरा वर्षांची एक बाई एकटी अमेरिकेला गेली. साल होते १८८३. तिचे नाव आनंदीबाई जोशी.

नाव पुष्कळांनी ऐकलेले असेल. अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेली पहिली मराठी बाई, एवढे शाळेतली पोरेही सांगतात. पण ती गेली कशी? पैसे कोणी दिले? तिकडे उतरवून घ्यायला कोण होते? ती जेवली काय, नेसली काय? हे कोणी फारसे सांगत नाही. खरी गोष्ट तर तिथेच आहे.

यमू

यमूचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. घराणे कल्याणचे. मुंबईजवळचे हे गाव आगगाडीने जाणाऱ्यांना माहीत असते. घर एके काळी जमीनदाराचे, पण ते दिवस सरले होते. नवव्या वर्षी यमूचे लग्न झाले. आज हे ऐकून आपण कानांवर हात ठेवतो. त्या काळी मुलीचे लग्न वेळेत झाले नाही, तर लोक आईबापांना नावे ठेवीत. नवरा गोपाळराव जोशी. बिजवर. तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. पोस्टात कारकून होते. सासरचे तिचे नाव आनंदी.

गोपाळराव हा माणूस मोठा विक्षिप्त. बायकोला शिकवायचेच, हा त्यांचा हट्ट. बाई शिकली की तिचा नवरा मरतो, असे लोक तेव्हा खुशाल बोलत. गोपाळरावांना त्याची पर्वा नव्हती. पण शिकवायची त्यांची रीत फार कडक. स्वयंपाक बिघडला म्हणून बायकोला मारणारे नवरे गावोगाव होते. इथे अभ्यास झाला नाही म्हणून मार बसायचा. दहा वर्षांच्या पोरीला त्यांनी लाकडाने मारले, पुढे खुर्च्या आणि पुस्तके अंगावर फेकली, सोडून जाईन अशी धमकी दिली. हे दुसऱ्या कोणी सांगितलेले नाही. आनंदीबाईंनी स्वतःच पुढे अमेरिकेतून नवऱ्याला पत्रात लिहिले. तुमचे वागणे चांगले होते की वाईट, हे सांगणे मला कठीण जाते, दोन्ही होते असेच म्हणावे लागेल, अशा अर्थाचेही त्यांनी लिहिले आहे.

आम्हाला विचाराल, तर शिकवले हे चांगले आणि मारले हे वाईट. एका गोष्टीने दुसरी झाकत नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. दहा दिवसांत तो गेला. नीट औषधपाणी मिळाले नाही. तेव्हा डॉक्टर होते ते बहुतेक सारे पुरुष. बाईचे दुखणे पुरुषाला दाखवायचे नाही, अशी घराघरांत रीत. बाई खाटेवर मरेल, पण डॉक्टरला हात लावू देणार नाही. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायांना विचारून पाहा. त्यांच्या आया-आज्यांच्या अशा कथा त्या सांगतील. त्या दहा दिवसांच्या बाळाने आनंदीच्या मनात एक गोष्ट पक्की केली. बायांसाठी बाई डॉक्टर पाहिजे. आणि ती मीच होईन.

एक पत्र आणि एक दुखरा दात

पोस्टातली नोकरी म्हणजे बदलीची नोकरी. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असे हे जोडपे फिरले. कोल्हापूरला पूर्वी वाइल्डर नावाचे एक अमेरिकन पाद्री होते. ते आता अमेरिकेत परत जाऊन एक मासिक चालवीत होते. गोपाळरावांनी त्यांना पत्र लिहिले. मला तिकडे काही काम मिळेल काय, माझ्या बायकोला शिकवायची सोय होईल काय, असे विचारले. पाद्रीबुवांचे उत्तर आले. तुम्ही ख्रिस्ती व्हा, मग पाहू, असा त्याचा मतलब. गोपाळरावांना ते पटले नाही. गोष्ट तिथेच संपायची. पण वाइल्डरसाहेबांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला.

आता गंमत पाहा. अमेरिकेत न्यू जर्सी नावाचे राज्य आहे. तिथल्या रोझेल गावात थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई राहत होत्या. १८८० च्या सुमाराची गोष्ट. कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या. नंबर लागायला वेळ होता. समोर जुने मासिक पडले होते ते त्यांनी चाळले. त्यात हिंदुस्थानातल्या एका पोस्ट कारकुनाचे पत्र दिसले. आपल्या बायकोला शिकवावे म्हणून धडपडणारा हा नवरा कोण, असे वाटून त्यांचे मन द्रवले. घरी जाऊन त्यांनी आनंदीला पत्र लिहिले.

त्या दिवशी कार्पेंटरबाईंचा दात दुखला नसता, तर ही सारी हकिगत झाली असती की नाही कोण जाणे.

आनंदीने उत्तर पाठवले. तिकडून पुन्हा पत्र आले. असे होता होता ही पत्रे सुरूच राहिली. आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. आपल्याकडचे सण, लग्ने, बायांची स्थिती, सारे तिने लिहिले. तिला सारखा ताप येई, डोके दुखे, दम लागे. तेही तिने कळवले. मावशीने अमेरिकेहून औषधे पाठवली. त्यांचा उपयोग झाला नाही, पण पाठवली तर खरी.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्याला वाचता येत नाही त्याला आपले पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते, लिहूनही घ्यावे लागते. मग माणूस "आम्ही खुशाल, तुमची खुशाली कळवा" यापलीकडे जात नाही. मनातले परक्याच्या तोंडून कसे सांगणार? हे आपल्यातल्या पुष्कळांनी भोगले आहे. आनंदीला कोणाची गरज नव्हती. तिने जे लिहिले ते तिचे स्वतःचे, इंग्रजीत, कोणी मध्ये न पडता. म्हणून कधी न पाहिलेली एक बाई तिची खरोखर मावशी झाली.

सर्वांसमोर दिलेला शब्द

१८८३ साली ही दोघे कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला होती. हे श्रीरामपूर बंगालमधले, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे. गोपाळरावांना बरोबर जाणे जमत नव्हते. मग ठरले की आनंदीबाईंनी एकटीने जायचे.

हे कळताच लोक खवळले. रस्त्याने जाताना लोक टक लावून पाहत, टोमणे मारीत. घरात बसून रडण्याऐवजी आनंदीबाईंनी काय केले? २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी सभेपुढे भाषण केले. सतरा वर्षांची बाई, समोर देशी आणि गोरे लोक बसलेले, भाषण इंग्रजीत. लोक जे जे पाठीमागे बोलत होते, ते ते प्रश्न त्यांनी स्वतःच घेतले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेला का जाते? इथे शिकायची सोय नाही काय? एकटी का? जात वाळीत टाकील, त्याचे काय? तिकडे संकट आले तर?

मद्रासेत एक कॉलेज आहे, सुइणीचे वर्गही निघाले आहेत, पण ते शिक्षण अपुरे आहे, असे त्यांनी सांगितले. या देशात बाई डॉक्टरची फार गरज आहे आणि ते काम करायला मी तयार आहे, असे म्हटले. आणि एक शब्द दिला. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. हा शब्द पुढे त्यांना फार महाग पडला.

भाषणाची बातमी पसरली. मदत येऊ लागली. खुद्द व्हाइसरॉयने २०० रुपये दिले. तरी मुख्य पैसा घरचाच. माहेरच्या सोन्याच्या बांगड्या विकल्या. आपल्याकडे बियाण्यासाठी किंवा दवाखान्यासाठी बाईचे सोने मोडते. इथे बाईने आपले सोने स्वतःच्या शिक्षणासाठी मोडले.

आज मुंबईहून कलकत्त्याला जाणाऱ्या गाड्या आपल्या गोंदियावरून जातात. तेव्हा तसे नव्हते. नागपूरहून निघालेली लहान रुळांची गाडी राजनांदगावपाशी थांबत असे. नागपूर ते हावडा असा सरळ रस्ता १९०० साली पुरा झाला. मग इकडची माणसे अलाहाबादच्या बाजूने वळसा घालून कलकत्त्याला जात. आनंदीबाईंचा खरा प्रवास मात्र रुळांवरचा नव्हता. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याच्या बंदरात आगबोटीत चढल्या. बोटीत काही अमेरिकन मिशनरी बाया होत्या, त्यांची सोबत होती. पण आपल्या भाषेचे, आपल्या घरचे असे कोणी नव्हते. सोबत असणे वेगळे आणि आपले माणूस असणे वेगळे. इंग्लंडमार्गे ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या. कलकत्त्याहून निघून अठ्ठावन्न दिवस झाले होते.

त्याच बंदरात उतरणाऱ्या दुसऱ्या मुली

त्याच न्यूयॉर्क बंदरात त्या काळी दुसऱ्या एका देशाच्या मुली उतरत होत्या. एकदोन नव्हेत, बोटी भरभरून. त्या आयर्लंडच्या. त्यांची हकिगत समजून घेतली तर एकटी जाणे म्हणजे काय, हे जास्त कळेल.

आयर्लंड हे इंग्लंडच्या पश्चिमेचे बेट. तेव्हा तिथेही इंग्रजांचेच राज्य होते. जमीन मोठ्या जमीनदारांची, कसणारे गरीब कुळे. कुळाच्या वाट्याला एवढासा तुकडा यायचा. त्यात पोट भरेल असे एकच पीक होते, आलू. सकाळी आलू, रात्री आलू. १८४५ साली या पिकावर रोग पडला. आपल्या धानावर करपा पडतो, उभे पीक हातचे जाते, तसाच प्रकार, पण त्याहून भयंकर. पाने काळी पडायची आणि जमिनीतला आलू सडून घाण सुटायची. हे एक वर्ष नाही, पुन्हा पुन्हा झाले. आपण एका पिकावर कधी राहत नाही. धान गेले तर लाखोळी असते, जवस असते, बोडीतले मासे असतात, तेंदूपत्त्याची मजुरी असते. त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते. आणि दुःखाची गोष्ट अशी, की लोक उपाशी मरत असताना त्याच देशातून धान्य आणि गुरे बोटींत भरून बाहेर जात होती. सुमारे दहा लाख माणसे मेली. तितकीच देश सोडून गेली. १८४१ साली त्या बेटावर ऐंशी लाखांहून जास्त माणसे होती. आजही तिथली वस्ती तेवढी झालेली नाही.

दुष्काळ सरला, पण जाणे थांबले नाही. तुकड्यांचे आणखी तुकडे केले तर पुन्हा तीच गत होईल, म्हणून जमीन एका मुलाला द्यायची अशी रीत पडली. हुंडाही एकाच मुलीपुरता जमायचा. हो, हुंडा तिकडेही होता. मग बाकीच्या मुलींनी काय करायचे? गावात काम नाही, लग्न नाही, जमीन नाही. त्या अमेरिकेला जायच्या. तिथे शहरातल्या घरांत भांडी, कपडे, स्वयंपाक करायला बाया पाहिजे असत. राहायला जागा आणि जेवण मिळायचे, म्हणून पगार वाचायचा. वाचलेला पैसा गावी यायचा. त्यातून जमिनीचा खंड भरला जायचा आणि धाकट्या बहिणीचे बोटीचे तिकीट निघायचे. ते तिकीट पत्रातून यायचे. बहीण बहिणीला न्यायची, मावशी भाचीला न्यायची. तिथे १८३१ पासून सरकारने शाळा काढल्या होत्या, त्यामुळे पुढच्या पिढीतल्या बऱ्याच मुलींना पत्र वाचता येई आणि लिहिताही येई.

मुलगी निघण्याच्या आदल्या रात्री तिकडे सारे गाव घरी जमत असे. गाणे, नाच, खाणे आणि मध्येच रडणे. कोणी मेले की ते लोक रात्र जागवतात, अगदी तशीच ही रात्र जागवायचे. कारण सर्वांना ठाऊक असे, की ही पोरगी आता पुन्हा दिसणार नाही.

या मुलींपैकी एकीचे नाव इतिहासात राहिले. ॲनी मूर. आयर्लंडच्या कॉर्क भागातली सतरा वर्षांची मुलगी. आईबाप आधीच न्यूयॉर्कला गेलेले. दोन धाकट्या भावांचे हात धरून ती बोटीत बसली. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर परदेशी लोकांना उतरवून घेण्याचे नवे ठाणे सुरू झाले. तिथे पहिले नाव लागले ते ॲनीचे. साहेबांनी तिला दहा डॉलरचे सोन्याचे नाणे दिले. आज त्या बेटावर आणि आयर्लंडच्या बंदरात, दोन्हीकडे तिचे पुतळे आहेत. पण नाणे मिळाले म्हणून नशीब उघडले असे नाही. तिने न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत संसार केला, तिची काही मुले लहानपणीच गेली, आणि १९२४ साली ती वारली. तिच्या कबरीवर २००८ सालापर्यंत साधा दगडही नव्हता. कित्येक वर्षे लोक तर दुसऱ्याच एका ॲनी मूरला ती समजत होते!

आयर्लंडच्या मुली राहायला जात. आनंदीबाई परत यायला गेल्या होत्या. एवढा फरक होता. पण दोघींच्या हातात एकच बळ होते. पलीकडच्या काठावर आपले नाव ठाऊक असलेले एक माणूस.

मावशीच्या घरी, आणि मावशीपासून दूर

कार्पेंटरबाई आनंदीबाईंना घ्यायला आल्या. रोझेलच्या घरी तो उन्हाळा गेला. पत्रातली मावशी आता समोर होती. त्या घरी आनंदीबाईंना मुलीसारखे ठेवले. म्हणजे नवे आयुष्य सुरू झाले ते सुखाने.

मग ऑक्टोबरात कॉलेज सुरू झाले. फिलाडेल्फिया शहरातले हे कॉलेज फक्त बायांना डॉक्टर करणारे होते. ते १८५० साली निघाले होते. तिथल्या मुख्य बाई रेचल बॉडली. त्यांनी आनंदीबाईंना घेतले आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची मदतही ठरवून दिली. इथवर सारे ठीक. पण आता राहायचे होते भाड्याच्या खोलीत, एकटीने.

तिथली थंडी आपल्या पूस-माघाच्या थंडीसारखी नव्हे. बर्फ पडतो, पाणी गोठते. खोलीतली शेगडी धड नव्हती. पेटवली की धूर कोंडायचा, विझवली की गारठा. दम लागणाऱ्या माणसाने काय निवडायचे? धूर की गारठा? त्यातून मांसमच्छी खायची नाही. कॉलेज करून आल्यावर स्वतः रांधायचे. नेसायला नऊवारी, त्यात पोटऱ्या उघड्या राहत. पुढे त्यांनी गुजराती पद्धतीने नेसायला सुरुवात केली, म्हणजे पाय झाकले जातील आणि लुगडेही सुटणार नाही. हिंदू म्हणून परत येईन हा शब्द त्यांनी असा रोजच्या जेवणात आणि नेसण्यात पाळला. शब्द पाळला हे मोठेच. पण अंगात ताकद नसलेल्या माणसावर त्याचा भार किती पडला असेल, याचाही विचार केला पाहिजे.

नवऱ्याची पत्रे यायची, त्यांत कधी टोचणारे बोल असायचे. लांब गेलेल्या बाईबद्दल घरच्यांच्या मनात शंका येतात, ही गोष्ट आजची नाही. आनंदीबाईंनी त्या पत्रांना सरळ उत्तरे दिली. मघाशी सांगितलेले, माराबद्दलचे पत्र त्यांतलेच. नवऱ्यासमोर बसून जे बोलता आले नसते ते त्यांनी कागदावर लिहिले. पुढे गोपाळरावही अमेरिकेत आले.

कॉलेजात त्या एकट्याच परदेशी नव्हत्या. १८८५ सालचा एक फोटो आहे. त्यात तीन बाया बसल्या आहेत. एक आपल्या आनंदीबाई, दुसऱ्या जपानच्या केई ओकामी, तिसऱ्या सिरियाच्या साबात इस्लामबूली. तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचे कपडे आहेत. तिघीही आपापले घर सोडून आलेल्या.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टरची पदवी मिळाली. त्यांनी शेवटचा निबंध लिहिला तो हिंदू लोकांतल्या बाळंतपणाच्या शास्त्रावर. पदवीच्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. राणी व्हिक्टोरियाकडून शुभेच्छा आल्या. आणि कोल्हापूर दरबाराने कळवले, की आमच्या आल्बर्ट एडवर्ड दवाखान्यातला बायांचा वॉर्ड तुम्ही चालवा. त्याच १८८६ साली कलकत्त्यात कादंबिनी गांगुली याही डॉक्टर झाल्या. पहिली कोण, यावर विद्वान वाद घालतात. खाटेवरच्या रोग्याला त्याचे काय?

नोव्हेंबर १८८६ मध्ये आनंदीबाई मुंबईला परत आल्या. ज्या लोकांनी जाताना टोमणे मारले तेच आता कौतुक करीत होते. पण त्या आल्या त्या खंगूनच. त्यांना क्षय झाला होता, म्हणजे आपण टीबी म्हणतो तो. या रोगाचे जंतू १८८२ साली कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरने शोधून काढले होते. पण जंतू सापडले म्हणजे औषध सापडले असे नव्हे. टीबीवर चालणारे पहिले खरे औषध १९४० नंतर निघाले. आज सरकारी दवाखान्यात या रोगाची तपासणी आणि औषध फुकट मिळते. गोळ्या साधारण सहा महिने घ्याव्या लागतात, मध्ये सोडायच्या नाहीत, आणि माणूस बरा होतो. आनंदीबाई स्वतः डॉक्टर होत्या, तरी त्यांना द्यायला त्या वेळी जगात कोणाजवळ औषध नव्हते.

कोल्हापूरच्या दवाखान्यात त्यांना एक दिवसही काम करता आले नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. बाविसावे वर्ष पुरे व्हायला महिनाभर बाकी होता.

मग हे सारे फुकट गेले काय, असे कोणी विचारील. हिशेब सोपा नाही. थोड्याच वर्षांनी मुंबईच्या रखमाबाई लंडनला डॉक्टरी शिकायला गेल्या. १८९४ साली त्या परत आल्या आणि सुरतेच्या दवाखान्यात त्यांनी वर्षानुवर्षे बायांना तपासले. एकीने गाडीवाट पाडली, दुसरीची गाडी तीवरून गेली, असे म्हणता येईल. पण आनंदीबाईंच्या आईला हे सांगून तिचे मन निवले असते काय? आम्हाला नाही वाटत. फिलाडेल्फियात धूर न करणारी एक शेगडी आणि रोज हातात येणारे गरम जेवण मिळते, तर काय झाले असते, हा प्रश्न मनात राहतोच. मुलीला धाडताना फी किती, हे आपण विचारतो. ती राहील कुठे, जेवील काय, दुखले तर कोणाला सांगेल, हेही तितकेच विचारायचे असते.

मृत्यूनंतर आनंदीबाईंची राख गोपाळरावांनी अमेरिकेला, कार्पेंटरबाईंकडे पाठवली. बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी आपल्या घराण्याच्या स्मशानात पुरली आणि वर दगड बसवला. त्यावर आनंदी जोशी हे नाव आहे. शिकण्यासाठी हिंदुस्थान सोडून निघालेली पहिली ब्राह्मण बाई, असे खाली कोरले आहे. आजूबाजूला मावशीच्या घरची माणसे आहेत.